ओसरीवरची अल्पना आणि कलाभवनाचा मेळा

गटाची बैठक संपत आली की एक प्रश्न हमखास निघतो. आपण प्रदर्शनात गोधडी मांडली की तिला 'हस्तकला' म्हणतात, आणि पलीकडच्या दालनात भिंतीवर चौकटीत लावलेलं असतं त्याला 'कला'. हे कुणी ठरवलं? आणि कधी? या प्रश्नाचं उत्तर एका भाषणात मावणार नाही. पण एक कला महाविद्यालय असं आहे, जिथं शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला हात घातला गेला. तिथं बायकांची अंगणातली चित्रं वर्गात आली, शिवणटिपण अभ्यासक्रमात आलं, आणि आजही दर डिसेंबरला तिथले विद्यार्थी आणि शिक्षक स्वतःच्या हातच्या वस्तू मांडून विकायला बसतात. ते म्हणजे बंगालमधल्या शांतिनिकेतनचं कलाभवन. आज त्याची हकिगत सांगतो. मधे आपलं खानदेशातलं फैजपूरही येणार आहे, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे चित्रकलेच्या शाळा निघाल्या. मद्रासला १८५० साली, कलकत्त्याला १८५४ साली, आणि मुंबईची जे. जे. १८५७ साली. जे. जे.साठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले होते. या शाळा निघाल्या त्या मुख्यतः कारागिरांना रेखाटन शिकवावं, त्यांचा माल सुधारावा या हेतूनं. पण हळूहळू घराला दोन दारं पडली. एका दारातून चित्रकार आणि मूर्तिकार जाणार, दुसऱ्या दारातून सुतार, कुंभार, विणकर. पहिल्या दारातून गेलेल्याचं नाव चित्राखाली लागायचं. दुसऱ्या दारातल्याच्या मालावर गावाचं नाव: पैठणची पैठणी, सावंतवाडीची खेळणी. आणि बायका घरात जे करत होत्या, ते तर कुठल्याच दारातून आत गेलं नाही. त्याला ना कला म्हणत, ना कारागिरी. ते घरकाम.

रवींद्रनाथ टागोरांनी १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केलं, तेव्हा त्यांच्या मनात वेगळं होतं. पुढं त्याची धुरा नंदलाल बोस यांच्याकडे आली. नंदलालबाबू मोठे चित्रकार, पण त्यांचा आग्रह असा की चांगलं चित्र भिंतीवर टांगून भागत नाही. पाण्याचा घडा, बसायचं आसन, अंगावरचं लुगडं, अंगणातली नक्षी, हे सगळं नीट दिसलं पाहिजे. जो रोजच्या वापरातल्या वस्तूकडे डोळे उघडून बघत नाही, त्याला चित्र काय कळणार, असा त्यांचा एकूण रोख. म्हणून त्यांच्याकडे चित्रकलेच्या विद्यार्थ्यालाही हातकाम चुकत नसे.

आता अल्पनेकडे वळू. बंगालीत तिचा उच्चार 'आल्पोना' असा करतात. आपली रांगोळी कोरड्या पिठाची, चिमटीतून सोडायची. अल्पना ओली. तांदूळ भिजवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, पाणी घालून सैल करायचे. मग फडक्याची चिंधी त्यात बुडवून मुठीत धरायची. चिंधी हलकेच दाबली की पाणी बोटावरून ओघळतं, आणि ते बोट सारवलेल्या जमिनीवर फिरतं. ओलं असताना रेघ फिकट दिसते, वाळली की पांढरीशुभ्र उठते. म्हणजे काढताना काय काढलंय ते पूर्ण दिसत नाही, हाताला ठाऊक असावं लागतं. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वारली बायका लग्नाचा चौक लिहितात, तोही तांदळाच्या पिठाच्या पाण्यानंच, गेरूनं रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर. जिथं भात पिकतं तिथल्या बायकांना हा रंग फुकट मिळत होता, एवढाच त्याचा अर्थ.

अश्विनातल्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीलाच, बंगालमध्ये घरोघर लक्ष्मीपूजा असते. दारापासून कणगीपर्यंत लक्ष्मीची पावलं, भाताच्या लोंब्या, कमळ, शंख असं सगळं काढतात. याशिवाय मुलींची आणि बायकांची व्रतं असतात, आणि प्रत्येक व्रताची अल्पना निराळी. रवींद्रनाथांचे पुतणे अवनींद्रनाथ टागोर हे नंदलालबाबूंचे गुरू. त्यांनी ही व्रतं आणि त्यांच्या अल्पना गोळा करून 'बांग्लार ब्रत' नावाचं पुस्तक काढलं, तेही १९१९ सालीच. त्यातल्या अल्पना पाहिल्या तर आपल्याला घरच्यासारखं वाटतं. त्यात फणी आहे, आरसा आहे, दागिने आहेत, धान्याची कोठारं आहेत. नुसती शोभा नाही ती. ते मागणं आहे. बाईला जे हवं, ते तिनं जमिनीवर काढून मागितलं. आपलं चैत्रांगण आठवा. त्यात सूर्य-चंद्र, गोपद्म, तुळस यांच्या शेजारी फणी, करंडा, आरसा असतोच ना? तेच हे. भाषा वेगळी, मागणं तेच.

एका थोर चित्रकारानं अशा पुस्तकासाठी वेळ काढावा, हे त्या काळात साधं नव्हतं. पण पुस्तकात अल्पना छापणं वेगळं आणि ती काढणारी बाई कॉलेजात शिकवायला बसणं वेगळं. कलाभवनात हे दुसरं घडलं.

त्या बाईचं नाव सुकुमारी देवी. पूर्व बंगालच्या, लहान वयात वैधव्य आलेल्या. कुठल्या कला शाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे होतं ते आई-आजीकडून हातात आलेलं: अल्पना आणि सुईदोरा. शांतिनिकेतनात आल्यावर नंदलालबाबूंनी तो हात ओळखला, आणि सुकुमारी देवी कलाभवनात अल्पना आणि शिवणकाम शिकवू लागल्या. जरा थांबून विचार करा. आपल्याकडे हळदी-कुंकवाला विधवा बाईला बोलवावं की नाही यावर अजून वाद होतात. आणि तिथं शंभर वर्षांपूर्वी विधवा बाई, जिला शुभकार्यात मागं राहायला लावायचे, ती शुभकार्याची अल्पना काढायला मुलामुलींना शिकवते आहे. 'मुलामुलींना' हा शब्द आम्ही मुद्दाम म्हटला. त्या वर्गात पुरुष विद्यार्थीही होते.

त्यांच्यानंतर हे काम नंदलालबाबूंच्या मुली, गौरी भंज आणि जमुना सेन यांनी पुढं नेलं. गौरीताईंनी अनेक वर्षं कलाभवनात शिकवलं. शांतिनिकेतनच्या उत्सवांत, म्हणजे पावसाळ्यातलं वृक्षारोपण, नांगर धरण्याचा हलकर्षण सोहळा, पौष उत्सव, वसंतोत्सव, या सगळ्यांत जमिनीवर मोठमोठ्या अल्पना पडू लागल्या. शांतिनिकेतनची अल्पना म्हणून एक वळणच तयार झालं. वेली लांब, लवचिक, पानाफुलांची लय, कुठे गर्दी नाही. बघणाऱ्याची नजर ठरते.

इथं आम्हाला एक गोष्ट खटकते, ती सांगतो. हे वळण सुरेख आहे, पण त्यात वेली राहिल्या आणि फणी गेली. कोठार गेलं, आरसा गेला. व्रताची अल्पना देवाजवळ काहीतरी मागत होती. उत्सवाची अल्पना पाहुण्यांचं स्वागत करू लागली. कॉलेजात गेल्यावर घरच्या विद्येचं असं होतंच, असं काहीजणी म्हणतील. आमचं म्हणणं, होतं हे खरं, पण काय गळालं त्याची नोंद ठेवली पाहिजे. कारण जे गळालं ते बाईचं स्वतःचं होतं.

कलाभवनात अल्पनेच्या जोडीला इतर कामंही आली. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमा देवी स्वतः चित्रकार. त्यांच्या पुढाकारानं तिथं मेण लावून कापड रंगवायची बाटिकची रीत रुजली. रवींद्रनाथ १९२७ साली जावा बेटावर गेले होते, तिथलं बाटिक त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी पाहिलं होतं. शेजारच्या सुरुल गावात १९२२ साली श्रीनिकेतन निघालं, ते शेती आणि ग्रामोद्योगासाठी. तिथं विणकाम, लाकूडकाम, मातीकाम, चामड्याचं काम आसपासच्या गावकऱ्यांना शिकवलं जाई. चामड्यावर नक्षी दाबून रंगवलेली ती पाकिटं आणि पिशव्या तुमच्यापैकी अनेकींनी जत्रेत, प्रदर्शनात पाहिल्या असतील. आपण त्यांना 'शांतिनिकेतन पर्स' म्हणतो. ती पर्स या श्रीनिकेतनचीच लेक. आता तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, जसं आपल्या पैठणीला आहे.

आणि १९३० साली नंदलालबाबूंच्या विद्यार्थ्यांनी 'कारुसंघ' काढला. कारु म्हणजे कारागीर. शिकून बाहेर पडल्यावर चित्रं विकून पोट भरत नाही, नोकरी करायची नाही, तर मग चार जणांनी मिळून हातकामाची कामं घ्यायची आणि त्यावर जगायचं, अशी ही कल्पना. ऐकायला आपल्या गटासारखंच लागतं. फरक एवढा की आपण बचतीपासून सुरू करून मालाकडे येतो, त्यांनी मालापासून सुरू केलं.

आता फैजपूर. जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याचं केळीचं गाव. १९३६ सालच्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. तोवर अधिवेशनं मोठ्या शहरांत व्हायची. गांधीजींचा हट्ट असा की देश खेड्यात राहतो, तर अधिवेशनही खेड्यात भरवा. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी गाव कामाला लावलं. साने गुरुजीही राबत होते. वसवलेल्या नगराला नाव दिलं टिळकनगर.

या नगराची सजावट करायला गांधीजींनी बोलावलं ते नंदलालबाबूंना. अट एकच: शहरातून काही आणायचं नाही. खेड्यात मिळेल त्या सामानात, खेड्यातल्या माणसांच्या हातून करायचं. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातलं प्रदर्शन नंदलालबाबूंनी उभं केलं होतं, पण लखनौ शहर. इथं सगळं नगर शेतात उभं करायचं. मग बांबू आले, तट्टे आले, गवत आलं, माती आली. म्हात्रे नावाच्या स्थापत्यकारानं आखणी केली, नंदलालबाबूंनी तिला रूप दिलं. प्रवेशद्वारं बांबूची. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडलं, तेही असंच तट्ट्यांच्या आडोशाला. नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली, आणि तो रथही नंदलालबाबूंनीच सजवला होता.

प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी नंदलालबाबूंचं आणि म्हात्र्यांचं नाव घेऊन श्रेय दिलं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. मंडप उभारणाऱ्याचं नाव व्यासपीठावरून कोण घेतं? पण याच ठिकाणी आपला सुरुवातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बांबू चिरून तट्टे विणणारे, जमीन सारवणारे, चुली मांडणारे हात खानदेशातले होते. इतिहासात ते 'स्थानिक कारागीर' या दोन शब्दांत बसवले गेले. तट्टा विणायला किती वेळ लागतो, बोटांना कशा चिरा पडतात, हे आपल्या बुरूड समाजातल्या मैत्रिणींना विचारा.

फैजपूरचं काम पाहूनच गांधीजींनी पुढच्या अधिवेशनालाही नंदलालबाबूंना बोलावलं. ते १९३८ साली गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याला, तापीकाठी. फैजपूरही तापीच्याच खोऱ्यातलं, म्हणजे नदी तीच, फक्त खालच्या अंगाला. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. तिथं नंदलालबाबूंनी एक वेगळंच काम केलं. हातकागदावर, मातीच्या रंगांत, जाड रेघांची चित्रं काढली. ऐंशीच्या वर चित्रं त्यांनी स्वतः केली, आणि त्यांवरून विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रती धरून चारशेच्या आसपास. कशाची चित्रं? कांडप करणाऱ्या बाईची, ताक घुसळणाऱ्या बाईची, सूत काढणारीची, लेकराला घेतलेल्या आईची. शिंप्याची, सुताराची, ढोल वाजवणाऱ्याची. ती प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला सहज दिसतील अशी. तिकीट नाही, काच नाही, पहारेकरी नाही. आपलंच काम आपल्या वाटेवर रंगवून लावलेलं, असं प्रदर्शन त्याआधी त्या गावानं कधी पाहिलं नसणार. आज यातली बरीच चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

नावाचा विषय निघालाच आहे तर संविधानाचं सांगतो. आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत आहे ना, तिच्या पानांवरची चित्रं आणि नक्षी नंदलालबाबू आणि त्यांच्या कलाभवनाच्या मंडळींनी केली. इंग्रजी प्रतीचं अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं. ते म्हणाले, मला मानधन नको, पण पानापानावर माझं नाव पाहिजे, असं सांगतात. ही अट आम्हाला फार आवडते. नक्षी करणाऱ्यांत गौरी भंज आणि जमुना सेन यांची नावं नोंदलेली आहेत. ज्या हातांनी ओल्या पिठाच्या वेली काढल्या, त्याच हातांनी देशाच्या कायद्याच्या पानाला काठ घातले. आपल्याच कलापूरचे, म्हणजे कोल्हापूरचे विनायक मासोजी हे कलाभवनात शिकून तिथंच शिक्षक झालेले मराठी चित्रकार, तेही या कामात होते.

सुकुमारी देवींचं काम मात्र जमिनीवर होतं. दुसऱ्या दिवशी सारवलं की संपलं.

पण सुईदोऱ्याचं काम टिकतं. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवतात, त्याला कांथा म्हणतात. आपली गोधडी, वाकळ, तीच जात. फरक असा की कांथावर साडीच्या काठातून काढलेल्या रंगीत धाग्यानं चित्रं भरतात: कमळ, हत्ती, पालखी, कधी शिपाई आणि साहेबसुद्धा. गुरुसदय दत्त नावाचे एक सरकारी अधिकारी होते. जिल्ह्याजिल्ह्यात बदली होऊन फिरताना त्यांनी बायकांच्या अशा कांथा जमवल्या, आणि त्या कलकत्त्याजवळ जोका इथल्या संग्रहालयात आहेत. त्यातली एक मानदासुंदरी नावाच्या बाईनं आपल्या वडिलांसाठी शिवलेली. हे आपल्याला कसं कळतं? तिनं ते कांथावरच टाक्यांनी लिहून ठेवलंय. वडिलांना भेट, आणि खाली स्वतःचं नाव. कुठलं कॉलेज नाही, कुठलं प्रदर्शन नाही, कुणी 'सही कर' म्हणून सांगितलं नाही. तरी तिला वाटलं, लिहावं.

आमच्या गटाचा एक अनुभव आहे, तो इथंच सांगून टाकतो. शहरातल्या एका प्रदर्शनात आमच्या नऊ गोधड्या लागल्या होत्या. मांडणी झकास होती, उजेड चांगला पाडला होता. खाली चिठ्ठी: 'ग्रामीण महिलांची कारागिरी.' शेजारी एका कलावंताचं काम होतं, त्याखाली त्याचं नाव, सालाचा आकडा, कशावर केलं ते माध्यम, आणि किंमत. आमच्यातल्या दोघींनी आयोजकांना विचारलं, की आमची नावं का नाहीत? उत्तर आलं, नऊ जणींची नावं चिठ्ठीत मावत नाहीत. तेव्हापासून आमच्यातल्या काहीजणी गोधडीच्या आतल्या कोपऱ्यात नाव आणि गाव धाग्यानं घालतात. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मग बोलणं सुरू होतं.

वारली चित्रांचंही असंच झालं. लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाशिणी. देवाचा चौक म्हणजे बायकांचा मान. पण १९७० नंतर हस्तकला मंडळाचे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले, त्यांनी कागद दिले, चित्रं मुंबईत आली, आणि जगाला पहिलं नाव माहीत झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. मशे मोठे कलावंत होते, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर लिहिणाऱ्या बाईचं नाव विचारलं, तर चौकासारखंच ते पावसात गेलं. याच भास्कररावांनी काही वर्षं आधी बिहारच्या मिथिलेत दुष्काळात बायकांना कागद दिले होते. तिथं मात्र नावं बायकांचीच पुढं आली. सीता देवी, गंगा देवी, जगदंबा देवी. कारण तिथं कागद थेट बायकांच्या हातात गेला, आणि विकत घेणाऱ्यांनी कुणी काढलं ते विचारलं. एवढ्याशा गोष्टीनं केवढा फरक पडतो बघा.

परत कलाभवनात येऊ. नंदलालबाबू १९६६ साली गेले. त्यानंतर काही वर्षांनी, १९७३ साली, तिथं नंदनमेळा सुरू झाला. नंदलालबाबूंचा वाढदिवस ३ डिसेंबर. मेळा त्याच्या आधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबर. मूळ कारण अगदी घरगुती. कुणा विद्यार्थ्यावर आजारपण आलं, अपघात झाला, तर मदतीला पैसा हवा. तो कुणाकडे मागायचा? तर सगळ्यांनी मिळून वस्तू करायच्या, विकायच्या आणि तो पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत घालायचा. म्हणजे मेळ्याच्या मुळाशी आपल्या गटासारखाच आपत्कालीन निधी आहे. फक्त महिन्याच्या वर्गणीऐवजी वर्षातून एकदा हातकाम.

मेळ्याआधी कितीतरी दिवस तयारी चालते. चित्रकला, मूर्तिकला, छापचित्रं, वस्त्रकाम, कलेतिहास, प्रत्येक विभागाचा आपला मांड. मातीची भांडी आणि दागिने, छापलेलं कापड, दिनदर्शिका, वह्या, कागदाचे दिवे, लहान छापचित्रं, आणि अर्थात खाण्याचे पदार्थ. नावाजलेले शिक्षक आपली चित्रं देतात, ती एरवी सामान्य माणसाला परवडणार नाहीत अशा दालनात विकली गेली असती. इथं गावचा मास्तरही एखादं घेऊ शकतो. झाडांखाली विद्यार्थ्यांनी उभारलेल्या रचना, रात्री गाणी. आणि जमिनीवर अल्पना असतेच. इथं मूर्तिकाराचं काम आणि मातीचं कानातलं एकाच कनातीखाली असतं, वेगळं दालन नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाला कुणी जागेवर उत्तर दिलं असेल, तर ते या कनातीनं.

तरी किमतीबद्दल दोन शब्द बोलतोच. मेळ्यात वस्तू स्वस्त असतात. असायलाच हव्यात, कारण मजुरी धरलेलीच नाही; मुलं निधीसाठी राबतात. त्यांचं पोट त्या दिव्यावर नसतं. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात हातकामाचा तोच भाव बसतो. मग तेच गिऱ्हाईक जवळच्या गावातल्या कांथा करणाऱ्या बाईकडे जातं, जिचं घर त्यावर चालतं, आणि म्हणतं, एवढं महाग? दान म्हणून केलेल्या कामाचा भाव आणि पोटासाठी केलेल्या कामाचा भाव एका तागडीत घालू नये. आपल्याकडेही सणाला शाळेतली मुलं पणत्या रंगवून विकतात. कौतुक करा, घ्या. पण त्या भावात कुंभाराच्या बाईनं द्याव्यात असं म्हणू नका. गटानं वस्तूची किंमत लिहिताना कापड, धागा, प्रवास आणि बसलेले तास हे चारही कागदावर मांडावेत. तास सोडून बाकीचं सगळ्या जणी लिहितात.

कलाभवनाशी नातं असलेली आणखी एक बाई आहे, जिचं काम ऐकून आमच्या गटात हशा आणि नंतर शांतता पसरली. मृणालिनी मुखर्जी. तिचे आईवडील, लीला आणि बिनोदबिहारी मुखर्जी, दोघंही कलाभवनात शिकलेले कलावंत. ती स्वतः बडोद्याला शिकली. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, तिथल्या कला शाखेत. मृणालिनीनं काय केलं? वाखाची दोरी घेतली, रंगवली आणि गाठी मारल्या. आपण मॅक्रमच्या झुंबरांना, झोपाळ्यांना मारतो तशाच गाठी, हजारोंनी. त्यातून माणसाच्या उंचीच्या, त्याहून मोठ्या देवतांसारख्या मूर्ती उभ्या केल्या. आधी आराखडा नाही. गाठ जिकडे नेईल तिकडे. पुष्कळ वर्षं लोकांनी म्हटलं, हे कला का हस्तकला? तिच्या मरणानंतर, २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो प्रश्न कुणी विचारला नाही. हसू आलं ते 'झुंबराच्या गाठी न्यूयॉर्कला' म्हणून. शांतता पसरली ती का, ते तुम्हाला सांगायला नको.

कुणा गटाला बघायला जायचं असेल तर माहिती सांगून ठेवतो. शांतिनिकेतन बीरभूम जिल्ह्यात आहे, स्टेशन बोलपूर. हावड्याहून गाडीनं तीनेक तास लागतात. नंदनमेळा १ आणि २ डिसेंबरला. तेव्हा जमलं नाही तर सोनाझुरीच्या जंगलात हाट भरतो. तो सुरू केला कलाभवनात शिकलेल्या श्यामली खास्तगीर यांनी, आसपासच्या गावातल्या लोकांनी स्वतः केलेलं स्वतः विकावं म्हणून. पूर्वी फक्त शनिवारी, संध्याकाळपुरता, जमिनीवर चटई टाकून भरायचा. आता इतर दिवशीही दुकानं लागतात, आणि बाहेरून ठोक माल आणणारे व्यापारीही त्यात शिरले आहेत. तेव्हा खरेदी करताना सरळ विचारा, 'हे तुम्ही केलंत का?' जिनं केलं असेल ती टाका कसा घातला ते लगेच हातात घेऊन दाखवते. थंडी बरीच असते, जाड पांघरूण बरोबर न्या.